पेटी आहे, मग कीबोर्ड कशाला?

प्रश्न : पाटण तालुक्यातल्या डोंगरातल्या एका द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत मी शिकवते. पहिली ते चौथी मिळून ३१ मुलं. गावच्या मुंबईकर मंडळींनी संगीतासाठी १२ हजार रुपये दिलेत. सरपंच कीबोर्ड घ्या म्हणतात, आमचे सर तबला म्हणतात, एक पालक मिरजेहून तानपुरा आणायला निघालेत. ऑफिसात जुनी पेटी आहे, पण वाजत नाही. मला गाणं येतं ते भजनापुरतं. काय घेऊ?

उत्तर : बाई, भजनापुरतं येतं हे काय थोडं झालं? चौथीपर्यंत तेवढं पुष्कळ.

आधी त्या पेटीकडे बघू. सगळे स्टॉपर, म्हणजे पुढचे ओढायचे खुंट, बंद करून भाता मारा. हवा भरली की भाता हाताला जड लागायला हवा. हलकाच राहिला तर कुठेतरी गळतंय, बहुधा उंदरांनी कातडं कुरतडलंय. पट्टी न दाबताच सूर चालू राहत असेल तर तिची स्प्रिंग सुटलीय किंवा खालची गादी गेलीय. एखादा सूर मुकाच असेल तर रीडच्या पितळी जिभेखाली कचरा अडकलेला असतो. पातळ कोरा कागद अलगद सरकवून तो काढता येतो. जिभेला मात्र कानस लावू नका. टोकाशी घासलं की सूर चढतो, मुळाशी घासलं की उतरतो, आणि ते काम कारागिराचंच. कारागीर कोण, हे गावच्या भजनी मंडळाला विचारा. त्यांची पेटीही कुणीतरी दुरुस्त करतच असेल.

कीबोर्ड घेऊ नका. एक मूल वाजवणार आणि तीस जणं बघत बसणार. त्यातून तालाचं बटण सापडलं की तास संपेपर्यंत तेच! तबला सरांना स्वतःला येत असेल तर गोष्ट वेगळी. नसेल तर तुमच्याकडच्या पावसात पुड्या (तबल्यावरची कातडी) उतरणार, शाईचे, म्हणजे त्यावरच्या काळ्या थराचे, टवके निघणार, आणि नव्या पुडीचे पैसे मुंबईहून दरवर्षी येणार नाहीत. तानपुऱ्याचा भोपळा पहिल्याच धक्क्याला तडकेल. सुराला मोबाइलवरचं तानपुऱ्याचं फुकट ॲप आणि एक छोटा स्पीकर पुरे. त्या पालकांचा उत्साह मोडू नका. त्यांना सांगा, सहलीला मुलांना मिरजेच्या सतारमेकर गल्लीत न्या. तिथल्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. भोपळ्याचं वाद्य कसं होतं हे मुलांनी बघावंच.

पेटीच्या दुरुस्तीतून उरलेले पैसे हातात घेऊन वाजवायच्या वाद्यांवर घाला. टाळांचे जोड, खंजिऱ्या, आणि वाघ्या-मुरळीकडे असते तसली दिमडी. दिमडी फायबरच्या पानाची (वर चामड्याऐवजी फायबर ताणलेली) मिळाली तर तीच घ्या, पावसात ढिली पडत नाही. टाळ मात्र दुकानात वाजवून घ्या. वाजवल्यावर नाद लांबत गेला पाहिजे. पत्र्यासारखा खट्ट वाजून थांबला तर परत ठेवा. टिपऱ्या विकत कशाला? गावातला सुतार करून देईल, फक्त टोकं गोल करून घ्या. खेळाच्या कपाटात जुन्या लेझमा असतीलच, त्यांच्या साखळ्यांना तेल द्या. पण त्या मैदानात. पत्र्याच्या छपराखाली लेझीम म्हणजे शेजारच्या वर्गाला सुट्टी.

आणखी एक, जे पैशांत येत नाही. सर प्रार्थना काळी एकला, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी ‘सा’ मानून, धरत असतील, तर खालच्या ओळींना मुलांचा आवाज गायब होत असेल. मुलांचा गळा मंद्रात, म्हणजे खालच्या सप्तकात, उतरत नाही, आणि मग ती ओरडून भरपाई करतात. काळी दोनला धरून बघा. सरांना वरचं जमलं नाही तर त्यांनी टाळ धरावा.

पहिले काही तास ३१ हातांत वाद्यं देऊ नका. निम्म्यांनी टाळी, निम्म्यांनी वाद्य, मग अदलाबदल. दुसरीतली मुलंसुद्धा केरव्याच्या तालात टाळी कुठे द्यायची आणि ‘खाली’ (टाळी न देता हात मोकळा सोडायचा) कुठे हे लवकर पकडतात, फक्त लय तुम्ही संथ ठेवा. मुलं पळवतात, तुम्ही पळू नका.

पावत्या शाळेच्या नावाने घ्या. शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत खरेदीची नोंद करा आणि प्रत्येक नग त्याच आठवड्यात जडसंग्रह नोंदवहीत (शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या वहीत) चढवा, दुरुस्त झालेली पेटीसुद्धा. तुमची बदली झाल्यावर ‘ही पेटी आमच्या मंडळाची’ म्हणणारे दोघे-तिघे निघतातच.