व्हॅनमधली वीज: फ्यूज कुठे, किती?

प्रश्न: जुन्या व्हॅनचा कॅम्पर करतोय. १२ व्होल्ट १०० अँपिअर-अवर लिथियम बॅटरी आणि १००० वॅटचा इन्व्हर्टर पुरेल का? फ्यूज कुठे लावू?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर: आधी विजेचा खर्च मांडा. ४० वॅटचा फ्रिज दिवसाकाठी १२ तास चालला तर ४८० वॅट-तास. पंखा, दिवे, लॅपटॉप मिळून साधारण ३५०. बॅटरीत १२८० आहेत (‘१२ व्होल्ट’ म्हटली तरी लिथियम प्रत्यक्षात १२.८ व्होल्टची, गुणिले १०० अँपिअर-अवर), म्हणजे एक दिवस निभावेल. इंडक्शन शेगडीचा मोह मात्र सोडा.

फ्यूज उपकरणासाठी नसतो, वायरसाठी असतो. म्हणून मुख्य फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरातच हवा. पूर्ण भाराला इन्व्हर्टर ९० अँपिअरच्या वर ओढतो. २५ चौरस मिमीची तांब्याची, शक्य तितकी आखूड केबल आणि १२५ अँपिअरचा फ्यूज घ्या. बुधवार पेठेत पासोड्या विठोबापाशी सुटे भाग मिळतील, पण लिथियमसाठी काचेचा फ्यूज नको: शॉर्ट सर्किटचा प्रचंड प्रवाह त्याला तोडता येत नाही.

लग्स, म्हणजे केबलच्या टोकाला बसणाऱ्या धातूच्या टोप्या, हायड्रॉलिक क्रिंपरनेच (दाबून बसवायच्या अवजाराने) दाबा. ताम्हिणीच्या खड्ड्यांत सैल जोड आधी तापतो, मग वितळतो. अल्टरनेटरची, म्हणजे इंजिनावर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्राची, थेट वायर बॅटरीला जोडू नका. रिकामी लिथियम बॅटरी इतका करंट खेचते की अल्टरनेटर जळू शकतो. मध्ये करंटला मर्यादा घालणारा ३० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर हवाच.