पहिल्यांदा खेळ चालवणाऱ्या भावासाठी

भावा, तू नांदेडात पोरं जमवून डंजन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे फासे टाकत मिळून गोष्ट रचायचा खेळ, चालवणार, हे ऐकून लई बरं वाटलं. फक्त १९७९चं डंजन मास्टर्स गाइड, म्हणजे खेळ चालवणाऱ्यासाठीचं पुस्तक, आधी उघडू नको. खेळाच्या जनकांपैकी एक, गॅरी गायगॅक्स, यानं त्यात तक्त्यांचा खजिना ठेवलाय, नुसते फासे टाकत अख्खं भुयार उभं राहतं. पण खेळ हाकायचा कसा, हे त्यात विखुरलेलं आहे. २००८च्या चौथ्या आवृत्तीचं गाइड कोणाला लढाई हवी, कोणाला गोष्ट, हे ओळखायला शिकवतं. नियम मागे पडले, तरी तो भाग वाचच. २०१४चं पुस्तक थेट जग रचण्यापासून सुरू होतं. नवखा माणूस देवदेवता आणि नकाशांतच गुंततो. २०२४च्या पुस्तकात खेळ चालवण्याची मूलतत्त्वं आधी येतात. तुझी सुरुवात तिथून.

आणि जग आपल्याकडं आहेच की! देवगिरीचा खंदक, ती अंधारी म्हणजे काळोखी भुयारी वाट, वरचा बालेकिल्ला. पहिल्या बैठकीला तेवढं पुष्कळ. पहारा कोणाचा, आत कशासाठी शिरायचं, हे एका पानावर लिही. अंधारीत काय समोर येतं ते ठरवायला मग गायगॅक्सचे तक्ते खुशाल काढ.