ॲक्सोलॉटलच्या (पाण्यातच राहणाऱ्या सॅलॅमँडरच्या) टाकीचा पीएच ८.२ आहे, पीएच कमी करायचं औषध किती थेंब टाकू?

एकही नको.

तुम्ही लिहिलंय की पाणी बोअरचं आहे, पिल्लू नीट खातंय आणि औषध दुकानदाराने गळ्यात मारलंय. मीही कोल्हापुरातच राहतो आणि हा उद्योग करून बसलोय. रात्री थेंब टाकले, पीएच ७ वर आला, खूश होऊन झोपलो. सकाळी बघतो तर परत ८! पुन्हा टाकले. चार दिवस हाच खेळ. पाचव्या दिवशी त्याच्या कल्ल्यांच्या तुऱ्यांची टोकं पुढे वळलेली, आणि गांडूळ तोंडासमोर नाचवलं तरी गडी ढिम्म. आठाच्या पाण्यात तो मजेत होता, माझ्या वरखाली करण्यानं आजारी पडला.

होतं असं की बोअरच्या जड पाण्यात बायकार्बोनेट भरपूर असतं. किटवर त्यालाच केएच म्हणतात. आम्ल टाकलं की त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि पीएच पडतो. रात्रभरात तो वायू उडून जातो, पीएच परत वर.

या प्राण्याचं मूळ घर मेक्सिको सिटीतलं शोचिमिल्कोचं तळं. थोडं जड पाणी त्याला मानवतं. ७.४ ते ७.६ उत्तम, ६.५ ते ८ चालतं. तुमचा ८.२ जरा जास्त आहे, पण तो उतरवायचा तर आठवड्याच्या पाणीबदलात थोडं आरओचं पाणी मिसळून, दोन-तीन आठवडे घेऊन. निव्वळ आरओ मात्र कधीच नको.

त्याआधी अमोनिया (प्राण्याच्या घाणीतून पाण्यात साठतो तो) तपासा. खरी भीती त्याची. पीएच ७ चा ८ झाला की अमोनियाचा विषारी भाग जवळजवळ दहापट होतो. अमोनिया शून्य असेल तर ८.२ ने झोप उडवून घेऊ नका.

केएचची टेस्ट सोपी आहे. नळीत एकेक थेंब टाकत हलवायचं, निळ्याचा पिवळा होईपर्यंत. जितके थेंब तितके अंश. माझ्या बोअरला अकरा लागले. नंतर मी निव्वळ नळाच्या पाण्यावर गेलो (त्यातलं क्लोरीन काढून, अर्थात), तिथं दुसऱ्याच थेंबाला पिवळा! मग उलटी कथा झाली. फिल्टरमधले अमोनिया पचवणारे जीवाणू केएच खात राहतात, ते संपलं की पीएच घसरतो आणि सहाच्या खाली जीवाणूच सुस्तावतात. अशा वेळी घाबरून अर्धी टाकी बदलली तर पीएच उसळतो आणि साठलेला अमोनिया एकदम विषारी होतो. थोडं थोडंच बदला. केएच टिकवायला मी फिल्टरमध्ये प्रवाळाचा चुरा ठेवला, जाळीच्या पिशवीत बांधून. सुटा टाकलात तर हा पठ्ठ्या गिळणार.

आणि खरं सांगू? कोल्हापुरात पीएचपेक्षा एप्रिल-मे जड जातो. याला १६ ते १८ अंश लागतं, विसाच्या वर त्रास. पंख्यानं दोन-चार अंश उतरतात, पण पाणी उडतं आणि क्षार मागे राहतात. ती तूट बोअरच्या पाण्यानं भरलीत तर केएच चढत जाणार, तिथं आरओ वापरा. उन्हाळ्यात मात्र चिलरशिवाय (पाणी थंड करणाऱ्या यंत्राशिवाय) भागत नाही, खर्चाची तयारी ठेवा.

अमोनिया, केएच आणि दुपारी तीनचं तापमान, हे तीन आकडे इथं टाका, मग बघू.