‘स्पाइस अँड वुल्फ’मधल्या होलो आणि लॉरेन्सचं नातं प्रेमाचं आहे की नुसत्या सौद्याचं? ॲनिमे बघून झालंय, कादंबऱ्या वाचू का?

दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे, कादंबऱ्या वाचा म्हणजे पहिला प्रश्न पडणारच नाही. पण तेवढंच लिहिलं तर तुम्ही शिव्या घालाल म्हणून जरा सविस्तर लिहितो. स्पॉयलर भरपूर आहेत, ज्यांना नकोत त्यांनी इथूनच मागे फिरा.

ज्यांनी काहीच बघितलं-वाचलं नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. इसुना हासेकुरा या लेखकाची ही जपानी लाइट नॉवेल (म्हणजे तरुणांसाठीच्या छोट्या कादंबऱ्या) मालिका, पहिला भाग २००६ मध्ये देंगेकी बुन्कोकडून आला आणि २०११ पर्यंत मुख्य गोष्टीचे १७ भाग झाले. मध्ययुगीन युरोपसारखं एक काल्पनिक जग आहे. क्राफ्ट लॉरेन्स हा २५ वर्षांचा फिरता व्यापारी, घोडागाडीत माल घालून गावोगाव हिंडतो आणि कधीतरी स्वतःचं दुकान टाकायचं हे त्याचं स्वप्न. होलो ही पास्लो गावच्या गव्हात शेकडो वर्षं राहिलेली लांडगीण, पिकाची देवता म्हणा, दिसायला तरुण मुलगी पण डोक्यावर कान आणि मागे झुपकेदार शेपूट. गावाला आता तिची गरज उरलेली नाही हे तिला कळून चुकलंय, म्हणून ती लॉरेन्सच्या गाडीत लपून निघते, उत्तरेकडे योइत्सु नावाचं तिचं मूळ ठिकाण आहे तिथे जायला.

आता मुद्द्यावर येतो. तुम्ही म्हणता हे दोघं सतत पैशावरून आणि सफरचंदांवरून भांडतात, कुणी धड मनातलं बोलत नाही, मग हे कसलं प्रेम. माझं म्हणणं असंय की ते पैशाचं भांडण हेच त्यांचं प्रेम आहे, उधारी हीच त्यांची भाषा आहे. पहिल्या भागाचा शेवट आठवा. शहराखालच्या गटारातून पळताना दोघं कोंडीत सापडतात आणि होलोला तिचं खरं रूप घ्यावं लागतं, म्हणजे माणसाला एका घासात गिळेल एवढा अजस्र लांडगा. आणि लॉरेन्स, ज्याच्यासाठी तिने हे केलं तोच लॉरेन्स, घाबरून मागे सरकतो. मुद्दाम नाही, शरीराने आपोआप केलेली गोष्ट. पण तिने ते बघितलं. शेकडो वर्षं तिने माणसांच्या तोंडावर हेच बघितलंय. ती काही न बोलता निघून जायला वळते. तेव्हा हा माणूस ओरडून काय सांगतो? ‘थांब, मी तुझ्यावर प्रेम करतो’ वगैरे काही नाही. तो म्हणतो की रूप बदलताना तू जे कपडे फाडलेस ते मी घेऊन दिलेले होते, त्याचे पैसे कोण देणार, उत्तरेच्या जंगलापर्यंत तुझ्या मागे येईन पण वसूल केल्याशिवाय सोडणार नाही.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसलो आणि मग पुस्तक बाजूला ठेवून पाच मिनिटं नुसता बसून राहिलो. कारण त्या क्षणी ‘थांब’ म्हणायचा हक्क त्याला नाहीये, आत्ताच तो तिला घाबरून मागे सरकलाय, कुठल्या तोंडाने म्हणणार. पण उधारी मागायचा हक्क व्यापाऱ्याला कायम असतो ना. आणि होलो पण तेच कारण पुढे करून परत येते, की बाबा तू खरंच मागे लागलास तर वैताग होईल त्यापेक्षा फेडते. दोघांनाही माहितीय की कपड्यांचा विषयच नाहीये.

इथे जरा विषयांतर. माझ्या मामाचं किराणा दुकान होतं, मे महिन्यात मी गल्ल्यावर बसायचो. एक रिटायर्ड गृहस्थ महिन्याच्या महिन्याला वही बघायला यायचे, सातशे बारा झाले असतील तर सातशे द्यायचे आणि म्हणायचे बारा राहू दे रे पुढच्या महिन्यात बघू. बारा रुपये खिशात नव्हते असं अजिबात नाही, आणि मामा पण कधी मागायचा नाही. मग ते मुलाकडे कायमचे राहायला निघाले, त्या सकाळी येऊन त्यांनी सगळे पैसे चुकते केले, वर सुटे मोजून दिले, आणि मामा दिवसभर कुणाशी नीट बोलला नाही. मला तेव्हा कळलंच नव्हतं की पैसे मिळाल्यावर माणूस तोंड पाडून का बसतो. लांडगीणीच्या गोष्टीने कळलं, आता काय बोलणार.

तर ही गोष्ट डोक्यात ठेवून तिसरा भाग वाचा. कुमेर्सुन शहरात अमाती नावाचा एक तरुण मासळीचा व्यापारी होलोवर भाळतो. त्याला कळतं की हिच्यावर लॉरेन्सचं कर्ज आहे म्हणून बिचारी त्याच्याबरोबर फिरतेय. तो भर समाजात जाहीर करतो की मी हिचं कर्ज फेडणार, एक हजार चांदीची नाणी, हिला मोकळी करणार आणि लग्नाची मागणी घालणार. बघा ना, मुलगा वाईट नाहीये. मन चांगलं आहे, धाडस आहे, पैसा कमवायची अक्कल आहे. चुकलं एवढंच की त्याला ती उधारी म्हणजे बेडी वाटली. वाचणाऱ्याला माहिती असतं की ती बेडी नाही, तो धागा आहे आणि हा भला माणूस नेमका तोच तोडायला निघालाय आणि वर त्याला वाटतंय आपण उपकार करतोय. 

आणि याच भागात दुसरी एक गोष्ट आहे जी मला या मालिकेतली सगळ्यात हुशार गोष्ट वाटते. होलोला खोटं ऐकू येतं. म्हणजे तिचे कान एवढे तिखट की माणूस खोटं बोलला की तिला आवाजावरून कळतं, त्यामुळे लॉरेन्सला तिच्याशी खोटं बोलायची सोयच नाही. पण न बोललेलं तिला ऐकू येत नाही. योइत्सु फार पूर्वीच उद्ध्वस्त झालं अशी कथा लॉरेन्सच्या कानावर आलेली असते आणि तो ती तिला सांगत नाही. खोटं बोलला का? नाही. गप्प बसला. कीव आली म्हणून, वेळ मिळेल तेव्हा सांगू म्हणून, आपण सगळेच बसतो तसा. मग ते तिला एका पत्रातून कळतं. त्यानंतरचा खोलीतला प्रसंग मी परत वाचायचं टाळतो, कारण नेहमी याला शब्दांत गुंडाळणारी ही बाई एकदम कोलमडते, आपण आता जगात एकटेच उरलो हे तिला सहन होत नाही आणि त्या अवस्थेत ती त्याच्याकडे मूल मागते, म्हणजे निदान कुणीतरी आपलं राहील. आणि लॉरेन्सला पटकन काही सुचत नाही.

पुढे अमातीला ते हजार कमावता येऊ नयेत म्हणून लॉरेन्स पायराइटच्या (सोन्यासारखं चमकणारं एक खनिज) बाजारात भाव पाडायचा डाव टाकतो, उधारीवर माल विकणं, दुसऱ्याच्या साठ्यावर भरवसा ठेवणं, सगळं अगदी शेअर बाजारासारखं, आणि त्या सगळ्या धावपळीत त्याच्या डोक्यात एकच भुंगा की होलो कुणाच्या बाजूने आहे. ती पहिल्यापासून त्याच्याच बाजूने होती. शेवटी माल बाजारात ओतून भाव पाडते ती तीच. आणि नंतर भडकते कशावर, तर योइत्सुची गोष्ट लपवल्यापेक्षाही याच्यावर की तुला माझ्यावर विश्वास ठेवता आला नाही. ज्याचं अख्खं आयुष्य पत देण्या-घेण्यात गेलं त्या माणसाला बायको म्हणावी अशी बाई सांगतेय की माझी पत तू केलीच नाहीस. यापेक्षा मोठा अपमान व्यापाऱ्याचा काय करणार.

होलोचं पण तसंच आहे बरं का, ती काही फार सरळ नाही. तोंडाने याला खुळा म्हणत राहील, त्याला लाजवेल, दारू पिऊन याचा खिसा रिकामा करेल. पण शेपूट! तोंडाने ‘मला काय त्याचं’ आणि झग्याखाली शेपूट हलतंय, टोपडं घातलंय पण आत कान टवकारलेत. लॉरेन्सकडे तिचे कान नाहीत पण तिचं शेपूट वाचायला तो हळूहळू शिकतो, आणि पुढच्या पुढच्या भागांत ती मुद्दाम शेपूट आवरायला शिकते, मग तो अजून काहीतरी बघायला शिकतो. ॲनिमेत हे दिसतं पण पटकन निघून जातं, पुस्तकात लॉरेन्सच्या डोक्यात बसून बघायला मिळतं की तिच्या एका वाक्याचा अर्थ लावताना याची किती तारांबळ उडते.

पाचव्या भागात तर हासेकुरांनी कमाल केलीय. लेनोस शहरात ईव्ह नावाची एक व्यापारी बाई भेटते, मूळची खानदानी पण पडत्या घराची, जिला एका पैसेवाल्याने तिच्या घराण्याच्या नावासाठी पैसे मोजून बायको केलेलं. ती लॉरेन्सला फरच्या मोठ्या सौद्यात ओढते, आणि भांडवल उभं करायचं कसं तर होलोला तारण ठेवून. म्हणजे पहिल्या भागात उधारी हे सोबत राहायचं निमित्त, तिसऱ्यात ती कुणीतरी परस्पर फेडू बघतो, आणि पाचव्यात हा स्वतःच तिला गहाण ठेवतो, तिच्या संमतीने का होईना. आणि दुकानाचं स्वप्न हाताशी आलेलं असताना, सौदा जवळजवळ पुरा होत आलेला असताना, तो ते सगळं सोडून तिला सोडवायला परत फिरतो. नफा ईव्हचा झाला. पण सगळ्यात जास्त लागली ती होलोची त्या भागातली भीती. तिला प्रवास इथेच संपवायचा असतो, भांडण झालंय म्हणून नाही, तर फार छान चाललंय म्हणून. रोज रोज तेच सुख मिळालं की त्याची चव जाते आणि तिच्याकडे तर शेकडो वर्षं आहेत, मग गोड आहे तोवरच थांबलेलं बरं. असं वाटणारी पात्रं खूप बघितलीत पण त्यावर ‘चव जाईल तेव्हा बघू’ अशी व्यापारी जोखीम घेणारा हिरो मी दुसरीकडे बघितला नाही.

आता तक्रार पण करतो नाहीतर म्हणाल जाहिरात करतोय. सहाव्या भागात कोल हा पोरगा गाडीत येऊन बसतो, पोरगा गोड आहे, पण त्यानंतर बराच वेळ दोघांचं नातं तिथल्या तिथेच फिरतं, केर्बे शहरातलं दोन भागांचं प्रकरण तर मला लांबण लावल्यासारखंच वाटलं. आणि लॉरेन्स दर भागात ‘मी हिला ओळखलंच नाही’ असं नव्याने म्हणतो, दहाव्या वेळी वाटतं अरे बाबा आता तरी ओळख.

ॲनिमेबद्दल विचारलंय तर २००८ आणि २००९ चे सीझन अनुक्रमे पहिला-दुसरा आणि तिसरा-पाचवा भाग घेतात, चौथा गाळलाय. शिवाय २००८ मध्ये क्लोए नावाची मुलगी घातलीय, पुस्तकात तिच्या जागी यारेई नावाचा लॉरेन्सचा ओळखीचा पुरुष आहे, त्यामुळे पास्लोमध्ये जो प्रेमत्रिकोण वाटतो तो मुळात नाहीच. मला हा बदल नाही आवडला, लॉरेन्सचं एकटेपण त्याने पातळ होतं. पुस्तकातला लॉरेन्स इतका एकटा आहे की घोडा माणसासारखा बोलला तर बरं होईल असं त्याला वाटायला लागलंय, सात वर्षं हाच उद्योग. २०२४ मध्ये परत पहिल्यापासून नवं ॲनिमे आलं, आवाज तेच दोघं, आमि कोशिमिझु आणि जुन फुकुयामा. आवाजासाठी जपानीच बघा, कारण होलो स्वतःला ‘वाच्ची’ आणि समोरच्याला ‘नुशी’ म्हणते, जुन्या काळच्या गणिकांच्या बोलीचा बाज आहे त्याला, इंग्रजीत तो कितीही केलं तरी उतरत नाही. मराठीत कुणी केलंच तर सोळा वर्षांच्या चेहऱ्याने ‘अरे लेकरा’ म्हणणारी, मधेच लावणीतला एखादा ठसका मारणारी अशी काहीतरी बाई लागेल.

शेवट माहितीच असेल, न्योहिरा नावाच्या गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावात दोघं स्नानगृह-खानावळ टाकतात आणि नाव ठेवतात स्पाइस अँड वुल्फ. दुकान झालं एकदाचं. २०१६ पासून हासेकुरांनी त्या पुढच्या संसाराच्या गोष्टी लिहायला घेतल्या, त्यात त्यांना म्युरी नावाची मुलगी आहे, आणि होलो वही घेऊन रोजचं काय घडलं ते लिहून ठेवायला लागते. आज काय खाल्लं, कोण पाहुणे आले, असलंच. लॉरेन्स म्हातारा होणार आणि ती नाही, हे दोघंही जाणतात, नंतर वाचायला काहीतरी हवं. पहिल्या भागात सगळा हिशोब लॉरेन्सच्या वहीत असायचा.

तर तुम्ही पहिल्यापासून वाचा, ॲनिमे बघितलंय म्हणून पहिले तीन गाळू नका, चौथा तर अजिबात गाळू नका. इंग्रजीत येन प्रेसने काढलेत. आणि तिसरा वाचून झाला की इथे कमेंटमध्ये सांगा, अमातीची दया आली की नाही, मला दर वेळी येते.