हातचा कोण पुढे नेणार?

१६ बिटांच्या प्रोसेसरचा तुमचा आराखडा पाहिला. तुमचे प्रश्न दोन आहेत. २९०१ या बिट-स्लाइस (प्रोसेसरचा ४ बिटांचा काप) चिपा चार शेजारी शेजारी लावल्या की १६ बिटांचा प्रोसेसर होतो, तर मग मायक्रोकोड (चिपांना दर ठोक्याला काय करायचं ते सांगणाऱ्या ओळी) कशासाठी? आणि तयार मायक्रोप्रोसेसर मिळत असताना हा खटाटोप का?

दुसऱ्यापासून सुरू करतो. एएमडीने २९०१ आणली १९७५ साली. तेव्हाचा इंटेल ८०८० होता ८ बिटांचा, २ मेगाहर्ट्‌झवर चालणारा. त्याहून वेग हवा तर बायपोलर शॉट्की या वेगवान ट्रान्झिस्टरांच्या तंत्राकडे जावं लागे, पण ते जागा खातं आणि तापतं. अख्खा १६ बिटांचा प्रोसेसर एका चिपवर मावेना, म्हणून त्याचे उभे काप केले. एका कापात ४ बिटांचं एएलयू (गणितं व तर्कक्रिया करणारा भाग), ४-४ बिटांची १६ रजिस्टरं (आकडे तात्पुरते ठेवायच्या जागा) आणि गुणाकार-भागाकाराच्या कामी येणारं एक क्यू रजिस्टर. हवे तितके काप लावा. डेक कंपनीच्या केएस१० संगणकात दहा लावले होते, कारण त्या यंत्राला त्याच कंपनीच्या पीडीपी-१० संगणकांचे ३६ बिटांचे प्रोग्रॅम चालवायचे होते. तसा तयार मायक्रोप्रोसेसर आणणार कुठून? झुरिकला संगणकशास्त्रज्ञ निकलाउस विर्थ यांनी लिलिथ संगणक बांधला, तोही २९०१ वर, आणि त्याचा आज्ञासंच त्यांच्या मोड्युला-२ या प्रोग्रॅमिंग भाषेला सोयीचा असा बेतून घेतला. माझ्या मते बिट-स्लाइसचं खरं मोल वेगापेक्षा इथे आहे: शब्दाची रुंदी तुमची, आज्ञाही तुमच्या.

आता पहिला प्रश्न. काप जोडताना पहिली मेख हातच्याची. ९९९९ मध्ये १ मिळवून पाहा. हातचा एककापासून एकेक घर चालत शेवटपर्यंत जातो आणि वरचे अंक वाट पाहत बसतात. चार काप नुसते साखळीने जोडले तर हेच होतं, आणि क्लॉक (प्रत्येक पायरीचा ठोका) त्या शेवटच्या हातच्यासाठी संथ ठेवावा लागतो. म्हणून प्रत्येक कापाला दोन जादा पिना दिल्या आहेत. एक सांगते, ‘हातचा माझ्याकडेच तयार होतोय’. दुसरी सांगते, ‘खालून आला तर मी तो पुढे सोडेन’. २९०२ ही छोटी चिप चारही कापांच्या या पिना वाचते आणि प्रत्येकाचा हातचा जवळजवळ एकाच वेळी ठरवून देते. १६ बिटांना ही एक पुरते. ती टाळू नका.

‘उत्तर शून्य आहे’ सांगणारी पिन ओपन-कलेक्टर असते, म्हणजे ती तार फक्त खाली खेचू शकते, वर नेऊ शकत नाही. चारही कापांच्या त्या पिना एकत्र बांधून एका रेझिस्टरने ५ व्होल्टला ओढायच्या. माझ्या पहिल्या बोर्डावर तो रेझिस्टर राहिला होता. शून्य आलं की मायक्रोकोडच्या दुसऱ्या ओळीवर जायची उडी कधी लागे, कधी नाही, आणि मी दोन संध्याकाळी मायक्रोकोडमध्ये चूक शोधत होतो.

पण एवढं जोडूनही तुमच्याकडे प्रोसेसर नाही, फक्त त्याचे हात आहेत. चारही कापांना दर ठोक्याला तेच ९ बिट द्यावे लागतात: ३ बिट आकडे कुठून घ्यायचे ते, ३ बिट काय करायचं ते, ३ बिट उत्तर कुठे ठेवायचं ते. वर दोन रजिस्टरांचे पत्ते, ४ आणि ४. मायक्रोकोडची पुढची ओळ कोणती हे २९१० ही आणखी एक चिप ठरवते. तिची आज्ञा ४ बिट, उडीचा पत्ता १२ बिट. इथेच ३३ बिट झाले. मेमरी, फ्लॅग (उत्तर शून्य आहे का, हातचा आला का अशा खुणा), सुरुवातीचा हातचा अजून बाकीच आहेत. ही रुंद ओळ म्हणजेच मायक्रोकोड. ‘मेमरीतला आकडा रजिस्टरात मिळव’ अशी साधी वाटणारी आज्ञासुद्धा अशा अनेक ओळींची होते, आणि त्या ओळी लिहिणं हीच प्रोसेसरची रचना.

नवख्याला सगळ्यात जास्त नडतं ते पाइपलाइन रजिस्टर. चालू ओळ त्यात धरून ठेवतात, म्हणजे ती चालू असतानाच पुढची ओळ प्रॉममधून, म्हणजे मायक्रोकोड साठवलेल्या चिपमधून, काढता येते. याचा अर्थ, आत्ताच्या बेरजेचा फ्लॅग आत्ताच्या उडीला मिळत नाही. तो स्टेटस रजिस्टरात टिपला जातो आणि पुढच्या ओळीतली उडी तो पाहते. तुमच्या आराखड्यात वजाबाकी आणि ‘शून्य असेल तर’ एकाच ओळीत दिसतात. ती ओळ फोडून दोन करा.

एफपीजीएवर (आतली जोडणी आपण ठरवू शकतो अशी चिप) करणार असाल तर आधी एकच काप लिहा आणि त्याची आठही गणितं व तर्कक्रिया तपासा. मग चार जोडून ९९९९ चीच परीक्षा सोळा बिटांत घ्या: सगळे एक, अधिक एक. उत्तर शून्य आणि वरच्या कापातून हातचा बाहेर आला, की मायक्रोकोडला हात घाला.