चावी, किल्ली आणि ग्रीक 'क्लेइस'

प्रश्न असा आहे: प्राचीन ग्रीक भाषेत किल्लीला 'क्लेइस' म्हणत. आपली 'किल्ली' त्यातूनच आली का, आणि त्या ग्रीक शब्दाला आणखी कोणते अर्थ होते?

किल्लीचा त्याच्याशी संबंध नाही. किल्ली ही संस्कृत 'कील'च्या घरातली, म्हणजे खीळ, खिळा, खुंटी यांच्या गोतावळ्यातली. सप्तशतीच्या पाठाआधी अर्गला आणि कीलक म्हणतात, त्यातलं कीलक तेच. अर्गला म्हणजे अडसर, कीलक म्हणजे खीळ. 'क' आणि 'ल' जुळले की लगेच नातं जोडायची घाई करू नये. नातं आहे, पण ते दुसऱ्याच शब्दाशी आहे, आणि त्या शब्दाला आपल्याकडे रोज हिणवलं जातं.

तो शब्द 'चावी'. "चावी हिंदी आहे हो, मराठीत किल्ली म्हणा," हे मी इतक्यांदा ऐकलं आहे की आता सविस्तर लिहितोच. चावी हिंदीतून आलेली नाही. ती पोर्तुगीज 'चावे'वरून आली. पोर्तुगीजांनी 1510 साली गोवा घेतला, 1534 साली वसई त्यांच्या ताब्यात गेली आणि 1739 पर्यंत राहिली. एवढ्या काळात आपल्या दाराला त्यांची बिजागरी लागली, चाकरीला पगार मिळू लागला आणि कुलपाला चावी आली. (कुलूप मात्र अरबी 'कुफ्ल'चं.) आज लिस्बनमध्ये याच शब्दाचा उच्चार 'शाव्'च्या जवळ जातो. सोळाव्या शतकात तिथे 'च' होता. तो जुना 'च' आपण कोकणी-मराठीत जपून ठेवला आहे.

पोर्तुगीज 'चावे' लॅटिन 'क्लाविस'पासून आली. लॅटिनमधला आरंभीचा 'क्ल' पोर्तुगीजमध्ये 'च' होतो: 'क्लामारे', म्हणजे हाक मारणे, याचं 'चामार' झालं. ही 'क्लाविस' आणि ग्रीक 'क्लेइस' एकाच मूळ धातूच्या. लॅटिनमध्ये खिळ्याला 'क्लावुस' म्हणतात. म्हणजे खिळा आणि किल्ली यांची जोडी तिकडेही आहे आणि इकडेही, पण ती दोन्हीकडे स्वतंत्रपणे जमली, कारण दार बंद करायची पहिली युक्ती सगळीकडे एकच, खुंटी ठोकणे.

पण लॅटिनमध्ये 'व' आहे, ग्रीकमध्ये का नाही? कारण ग्रीकांनी तो गमावला. ग्रीकच्या डोरिक बोलीत 'क्लाइस', 'इलियड' आणि 'ओडिसी' ही महाकाव्यं ज्याच्या नावावर आहेत त्या होमरच्या भाषेत 'क्लेईस', अथेन्समध्ये 'क्लेइस'; 'व' कुठेच नाही. मात्र ग्रीसमधल्या पिलॉसच्या राजवाड्यातल्या मातीच्या पाट्यांवर, इसवी सनापूर्वी सुमारे 1200 च्या, एका पुजारणीचं पद लिहिलं आहे: का-रा-वि-पो-रो. ही लिपी मायकेल व्हेंट्रिसने 1952 साली उलगडली. त्या अक्षरांमागचा शब्द 'क्लाविफोरोस', म्हणजे देवळाची चावी वाहणारी. त्यातला 'फोर' आपल्या 'भर'चा, 'भृ' धातूचा भाऊबंद. आणि 'वि'कडे नीट पाहा. जो 'व' होमरच्या काव्यातून नाहीसा झाला, तो या पाटीत आहे, लॅटिनमध्ये आहे आणि आपल्या चावीत आहे. म्हणून कुणी चावीला अशुद्ध म्हटलं की मला राग येतो.

अर्थांचं राहिलंच. किल्ली, अडसर, कडी हे उघड अर्थ. ओडिसीच्या एकविसाव्या सर्गात नायकाची बायको पेनेलोपी धनुष्य ठेवलेली कोठी उघडते, ती ब्राँझच्या, सुरेख वाकवलेल्या, हस्तिदंती मुठीच्या किल्लीने. ती किल्ली भोकातून आत घालून तिने अडसर मागे लोटला, असं वर्णन आहे.

जहाजावरच्या 'क्लेईदेस'वर (हे 'क्लेईस'चं अनेकवचन) मात्र माझं कोशकारांशी भांडण आहे. लिडेल आणि स्कॉट यांचा ग्रीक-इंग्रजी कोश वल्हेकऱ्यांची बैठक असा अर्थ देतो. मला तो पटत नाही. ओडिसीच्या आठव्या सर्गात खलाशांना सांगितलं आहे की वल्ही 'क्लेईदेस'ना नीट बांधा. वल्हं बैठकीला कोण बांधतं? ते काठावरच्या खुंटीला बांधतात. खुंटी हाच अर्थ घ्यावा, मूळ धातूलाही तोच शोभतो.

आणि गळ्याखालचं हाड, जत्रुक. यालाही ग्रीक 'क्लेइस'च म्हणत, लॅटिन 'क्लाविक्युला'ही त्याच अर्थाची. हात वर करताना ते हाड किल्लीसारखं फिरतं म्हणून हे नाव पडलं, असं शिकवतात. पण होमरच्या काळची किल्ली अडसर ढकलायची, आणि इलियडमध्ये हाडाला हे नाव आधीच आहे. आठव्या सर्गात ट्रॉयचा हेक्टर ग्रीक धनुर्धर तेउक्रोसच्या याच हाडावर दगड मारतो, आणि तिथे कवी म्हणतो की 'क्लेईस' मान आणि छाती यांना वेगळं ठेवते. वेगळं ठेवण्याचं काम अडसराचं असतं. बाविसाव्या सर्गात ग्रीक वीर अकिलीस हेक्टरच्या चिलखतात फट शोधतो, तेव्हा तीही याच हाडांपाशी, गळ्याजवळ, सापडते.