इंग्लंडमध्ये भाड्याच्या घरात थंडीत खिडक्यांच्या काचांवर पाणी साचतं, कोपऱ्यात काळी बुरशी येते. नक्की कसला फॅन बसवून घ्यावा?

आमचं लेस्टरला पहिल्या हिवाळ्यात सेम हेच झालेलं. सकाळी उठलं की पडदा सरकवायचा, काच पुसायची, फडकं पिळायचं, परत पुसायची. बाहेरच्या भिंतीला टेकवलेल्या कपाटामागे सगळी बुरशी आणि आतल्या पैठणीलासुद्धा कुबट वास.

आम्ही पडलो चिपळूणचे, त्यामुळे बाहेर पाऊस म्हणजे खिडक्या गच्च बंद हे डोक्यात फिट. तिथे ते बरोबरच आहे, जुलैत बाहेरची हवाच ओलीचिंब, ती आत घेऊन करणार काय. पण इथे थंडीत उलटं गणित आहे. बाहेर ५ डिग्री असेल आणि पाऊस लागलेला असेल तरी त्या हवेत घनमीटरला जेमतेम ७ ग्रॅम पाणी मावतं, तीच हवा घरात येऊन २० डिग्रीला तापली की आर्द्रता ४० टक्क्यांच्या आसपास, म्हणजे चांगलीच कोरडी. त्यामुळे आतली वाफ बाहेर काढा आणि ही हवा आत येऊ द्या, खिडकीच्या वरच्या चौकटीत त्या बारीक फटी असतात ना त्या बंद करू नका (आम्ही चिकटपट्टी लावली होती, हसू नका).

नवीन काही घ्यायच्या आधी बाथरूमचा फॅन चालू करून त्याच्या जाळीला टॉयलेट पेपरचा एक तुकडा लावून बघा. आमचा सरळ खाली पडला. माळ्यावर चढून बघितलं तर लवचीक पाइप मध्येच झोळीसारखा लोंबलेला आणि त्यात पाणी साठलेलं, फॅन बिचारा फिरतोय पण हवा जाणार कुठून! इथल्या नियमांत बाथरूमला सेकंदाला १५ लिटर, किचनला शेगडीवर हवा बाहेर सोडणारा हूड (आपली चिमणी) असेल तर ३० आणि नसेल तर ६० लिटर हवा ओढली जावी असं धरलंय. बदलायचाच असेल तर आर्द्रता वाढली की आपोआप सुरू होणारा घ्या, कारण माणसं आंघोळ झाली की लगेच बंद करतात, आमचे हे तर वीजबिलाच्या नावाने आधीच करायचे. आणि किचनचा हूड नुसता कोळशाच्या फिल्टरमधून हवा परत घरातच सोडणारा असेल तर कुकरच्या शिट्ट्यांची वाफ जाते कुठे? कुठेच नाही.

एवढं करूनही भागलं नाही तर पीआयव्ही, म्हणजे माळ्यावरून घरात गाळलेली हवा ढकलणारा पंखा, पण या प्रकाराला वर माळा हवा आणि घरमालकाची परवानगी. एमव्हीएचआर, म्हणजे बाहेर जाणाऱ्या हवेतली ऊब आत येणाऱ्या हवेला देणारी यंत्रणा, तिच्या नादाला लागू नका, सगळ्या घरात पाइप फिरवायला लागतात, भाड्याच्या जुन्या घरात कोण करून देणार. डिह्युमिडिफायर (हवेतलं पाणी ओढून घेणारं मशीन) आम्ही फक्त कपडे वाळवायला वापरतो, छोट्या खोलीत, दार लावून.

एक मात्र बघा, ओल जमिनीपासून वर चढलेली असेल किंवा डाग फक्त पाऊस झाला की ओला होत असेल तर ते वाफेचं काम नाही, तिथे फॅन काही करणार नाही, फोटो काढून घरमालकाला लेखी कळवा.